बिनघोड्याची पाटी

निरुपमाबाई भोईट्यांची डिग्री खोटी निघाली, आणि रविवारी सकाळी पोलिसांनी त्यांच्या दारावरची पितळी पाटी उचकटून नेली. ही बातमी आमच्या बिल्डिंगीचा जिना उतरली तेव्हा तिच्यात पोलीस एकच होता. दांडिया बाजारच्या नाक्यावर, सेव-उसळीच्या गाडीपाशी, त्याचे दोन झाले. संध्याकाळच्या आरतीपर्यंत जीपही आली, आणि निरुपमाबाईंचे यजमान समरजितराव इन्स्पेक्टरच्या पाया पडले.

आता खरं काय ते ऐका. पोलीस आलेच नाहीत. समरजितराव त्या सकाळी प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपात होते, जादा पाळीवर. आणि त्यांची कंबर इतकी धरलेली असते की देवापुढेही ते उभ्यानंच हात जोडतात, इन्स्पेक्टरच्या पाया कुठले पडतायत. डिग्री म्हणाल तर शंभर नंबरी: एल.एल.एम., पहिल्या वर्गात, पदकासकट. पाटी मात्र खरंच उतरली होती. ती उतरवली निरुपमाबाईंच्या सासऱ्यांनी, फत्तेसिंहरावांनी, ऐंशी ओलांडलेल्या वयात स्टुलावर चढून. स्टूल सुनेनं धरलं होतं. थरथरत दोघंही होती. सासरे वयानं, सून भीतीनं.

ती भीती समजायची तर आधी भोईट्यांचं दार बघायला हवं.

त्या दाराला दोन पाट्या. डावीकडची लाकडी, काळी पडलेली: 'शिलेदार फत्तेसिंहराव भोईटे'. वास्तविक फत्तेसिंहरावांची सगळी नोकरी जकात नाक्यावर ट्रक अडवण्यात गेली. घोडा जवळून पाहिला तो लोकांच्या वरातीत. पण त्यांचे आजोबा जुन्या संस्थानाच्या घोडदळात होते, आणि वडिलांनी घराच्या पाटीवर 'शिलेदार' लिहवून घेतलं. पुढे संस्थान गेलं, मग जकात नाकाही गेला, शब्द तेवढा टिकला. नव्या पिढीचं नाव रंगवायचं, मानाचा शब्द तसाच ठेवायचा, अशी त्या घरची रीत. मान एकदा दारावर चढला की उतरायचा नाही. दसऱ्याला आजोबांची तलवार पाटावर ठेवून पुजतात, आणि झेंडूचा एकेक हार पाट्यांनाही पडतो.

उजवीकडची पाटी पितळी. निरुपमा लग्न होऊन या घरात आली, त्या वर्षीच्या दसऱ्याला फत्तेसिंहरावांनी ती मांडवीतल्या कोरणाऱ्याकडून करून आणली. कागद सोडून त्यांनी ती सुनेसमोर धरली. 'ॲड. सौ. निरुपमा समरजित भोईटे, एल.एल.एम.'

तिनं वाचली आणि तिच्या हातातलं सोनं, म्हणजे आपट्याचं, तिथंच राहिलं.

"आबा, ॲड. नको होतं. मी वकील नाही."

"एल.एल.बी. झालीस ना?"

"झाले."

"त्याच्यावर एल.एल.एम.?"

"हो."

"मग झालं तर. मागच्या गल्लीतला तो पोरगा नुसता एल.एल.बी. आहे आणि गाडीच्या काचेवर ॲड. चिकटवून फिरतो. तू त्याच्यावर शिकलीस. सुभेदारात हवालदार आलाच की नाही?"

भोईट्यांच्या घरात हा हिशेब इतका सरळ होता की त्याला उत्तर देणंच उद्धटपणाचं. निरुपमानं तरी सांगून पाहिलं, की एल.एल.बी. झालेल्यानं बार काउन्सिलकडे नाव नोंदवून सनद घेतली तरच तो वकील. एल.एल.एम. हा नुसता पुढचा अभ्यास, शिकवायला आणि लिहायला उपयोगी. आपण सनद घेतलीच नाही, सरळ कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा कोर्टात आपण आणि रिक्षावाला सारखेच. फत्तेसिंहरावांनी ऐकून घेतलं. मग समरजितला हाक मारून ड्रिल मशीन मागितलं.

नवी सून. पहिला दसरा. पाहुणे जेवायला यायचे होते. ती गप्प बसली, आणि भिंतीत चार स्क्रू गेले.

तेव्हापासून निरुपमाच्या मनात एक पाल चुकचुकायला लागली ती लागलीच. कुणी 'वकीलबाई' म्हणालं की ती दचकायची. बिल्डिंगीला मात्र पाटी सोन्याची वाटत होती. गाडी आडवी लावणाऱ्याला 'उपर वकीलबेन रहे छे' एवढं सांगितलं की गाडी सरळ व्हायची. लाऊडस्पीकरवाले आवाज कमी करायचे. गॅसवाला सुट्टे पैसे परत द्यायचा. त्या पाटीच्या आडोशाला उभं न राहिलेलं एक घर बिल्डिंगीत सापडणार नाही. आणि खुद्द निरुपमाबाई जिना चढताना शेवटच्या पायरीवर मान खाली घालायच्या. लोकांना वाटायचं, केवढी विनयशील बाई. अहो, विनय कसला, त्यांना ती अक्षरं बघवायची नाहीत.

याच्यावर कडी म्हणजे त्यांचा विषय. कॉलेजात त्या वकिलांची व्यावसायिक नीतिमत्ता शिकवतात. दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत एल.एल.एम. लिहायच्या आणि विचारायच्या, यात एल दोनदा का? पोरं काहीबाही सांगायची. मग त्या सांगायच्या की लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवायला अक्षर दोनदा लिहायची रीत. एका कायद्याचा नव्हे, कायद्यांचा पारंगत, असा तिचा अर्थ. "पण ही पारंगतता गळ्यात बांधून कोर्टात गेलात, तर शिपाई तुम्हाला मागच्या बाकावर बसवेल. बोलायचा हक्क सनदेचा असतो, डिग्रीचा नाही. ज्याच्याकडे सनद नाही त्यानं नावाआधी ॲड. लिहायचं नाही. लिहिलं, तर तो लोकांना फसवतो."

एका वर्षी मागच्या बाकावरून एक उंच मुलगा उठला होता. धैर्यशील त्याचं नाव. त्याच्या आईनं म्हणे बहिणीच्या लग्नपत्रिकेत त्याच्या नावाआधी ॲड. छापून टाकलं होतं, आणि हा अजून शेवटच्या वर्षाला. "मॅडम, आपण नाही, घरच्यांनी लिहिलं तर?"

खडू निरुपमाच्या बोटांत मोडला.

"घरच्यांनी लिहिलं," ती म्हणाली, "तरी नाव तुमचंच असतं."

घरी येऊन ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली. मग किल्लीनं दार उघडून आत गेली, आणि वरणाला फोडणी दिली. असंच चाललं असतं. माणूस कशाचीही सवय करून घेतो, भीतीचीसुद्धा. पण नवरात्राच्या तोंडावर हार्दिक आला.

तळमजल्यावर रस्त्याकडेला एक खोली आहे, शटरची. तिथं यशश्री चणियाचोळ्या शिवते. नवरा गेल्यावर तिनं त्याच खोलीच्या जोरावर घर चालवलं. खोलीचा मालक डभोईचा, म्हातारा, सज्जन. तो चालता-बोलता होता तोवर काही त्रास नव्हता. आता व्यवहार पुतण्याकडे आला. हार्दिकभाई म्हणजे गोड माणूस, गळ्यात चेन, बोलणं तुपातलं. त्याला त्या खोलीत मोमोचा काउंटर टाकायचा होता. यशश्री चोळ्यांवर टाकायचे आभले आणि लेस आणायला मांडवीत गेली, तेवढ्यात यानं शटर ओढून वर स्वतःचं कुलूप घातलं. आत गिऱ्हाइकांच्या चणियाचोळ्यांचे ढीग. गरबा तोंडावर आलेला.

यशश्री परत आली तेव्हा हा किल्ली बोटावर फिरवत उभा होता, ती ओटल्यावर मटकन बसली. बिल्डिंग गोळा झाली. सल्ले देणारे होते, तळमजल्यापर्यंत उतरणारे कमी होते. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून फत्तेसिंहरावांचा आवाज आला.

"ए भाई, आधी वर येऊन आमच्या दारावरची पाटी वाच. मग कुलपाच्या गोष्टी कर. निरू, जा गं खाली."

निरू गेली. काय करणार? सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, यशश्रीचा हात तिच्या पदराला. ती म्हणाली, "भाई, कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूच्या खोलीला असं कुलूप घालता येत नाही." आवाज नीट निघाला. बोललेलं खरंही होतं. ते म्हणायला वकील असावं लागत नाही.

हार्दिकनं हात जोडले. हसला.

"बेन, तमे वकील छो ने? तो सनदनो नंबर आपो. मारा वकीलने आपी दऊं. पछी वकील-वकील समजी लेशे."

सनदेचा नंबर. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. निरुपमानं पदर यशश्रीच्या हातातून सोडवून घेतला, पण नंबर काही दिला नाही. हार्दिकनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग घाई न करता जिना चढला, भोईट्यांच्या दारासमोर उभा राहिला, आणि पाटीचा मोबाइलवर फोटो काढला. एक लांबून, एक जवळून. उतरताना पुन्हा हात जोडले. "आवजो, बेन."

"बघितलंस?" गॅलरीतून फत्तेसिंहराव म्हणाले. "पाटी वाचली आणि गेला."

त्यानंतरचे दिवस निरुपमानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. आम्हाला दिसलं ते एवढंच, की बाई वाळत चालली. फोन वाजला की ती नंबर बघून तो उलटा ठेवायची. फाटकाशी अनोळखी गाडी थांबली की ती खिडकीच्या पडद्याआड. वर्गात शिकवता शिकवता दार उघडलं तर वाक्य अर्धवट सुटायचं. प्राचार्यांनी एकदा बोलावून घेतलं. तिनं आत जाऊन खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, आणि ते म्हणाले, "मॅडम, परीक्षेच्या देखरेखीला एक माणूस कमी पडतोय."

गंमत अशी की काय गुन्हा आहे आणि काय नाही, हे बडोद्यात तिच्याइतकं नीट कुणाला ठाऊक नसेल. सनद नसताना कोर्टात वकिली केली तर तुरुंग आहे. ती कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती. कुणाची फी घेतली नव्हती. हे ती स्वतःला रोज समजावायची, अगदी वर्गात समजावते तसं, मुद्दे पाडून. पण भीतीला कलमं वाचता येत नाहीत. तिच्या डोळ्यांसमोर एकच यायचं. तो फोटो कॉलेजच्या टेबलावर ठेवलेला, आणि कुणीतरी शांतपणे विचारतंय, नीतिमत्ता तुम्हीच शिकवता ना? मग नोकरी गेली. नाव गेलं. एवढी वर्षं फळ्यासमोर उभं राहून कमावलेला शब्द गेला.

एक दिवस तिनं दाराला मोठं तोरण आणलं, चांगलं घसघशीत, आणि ते असं बांधलं की त्याची झालर बरोबर 'ॲड.'वर आली. फत्तेसिंहराव फिरून आले. "अक्षरं झाकली गं," म्हणून त्यांनी काठीनं तोरण सरळ केलं.

खाली यशश्री कुणाचं तरी शिलाईमशीन मागून आणून जिन्याखाली बसली होती. निरुपमा दिसली की ती मान वर करायची. "ताई, बोललात का हार्दिकभाईशी? तुमचं ऐकेल तो." या प्रश्नाचीही निरुपमाला भीती वाटायला लागली. ती कॉलेजला लवकर निघायची, परत उशिरा यायची.

समरजितला तिनं सगळं सांगितलं. तो ऐकून घेणारा माणूस आहे, अडचण एवढीच की ऐकल्यावर तो तिथंच थांबतो.

"आबांना सांगून टाक," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा."

"मी? त्यांना?" समरजितनं डोकं खाजवलं. "तुझं ऐकतील."

मग हार्दिकचा मेसेज आला. 'बेन, रविवारे सवारे मारा वकील साथे आवुं छुं. धैर्यशीलभाई. कहे छे के तमने सारी पेठे ओळखे छे.'

धैर्यशील. मागच्या बाकावरचा. तिनं नोकरी कधी घेतली, सनद घेतली की नाही, सगळं त्याला ठाऊक. 'घरच्यांनी लिहिलं तर' हे त्यानंच विचारलेलं, आणि उत्तरही त्यानंच ऐकलेलं. अनोळखी माणसासमोर मान खाली घालता येते. ज्याला आपण शिकवलं त्याच्यासमोर कुठं बघायचं?

समरजितनं मेसेज वाचला आणि रविवारची जादा पाळी मागून घेतली. भोईट्यांच्या शौर्याची परंपरा ती अशी.

रविवारी सकाळी फत्तेसिंहराव हिंडोळ्यावर चहा पीत बसले होते. निरुपमा समोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं, ते सगळं विसरली. तिच्या तोंडून भलतंच आलं.

"आबा, शिलेदार म्हणजे काय हो?"

म्हातारा खुलला. असं कुणी विचारून जमाना झाला होता. "शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा. हत्यार स्वतःचं. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. लढायला दोघंही जातात. पण शिलेदाराचा मान निराळा, तनखा निराळा."

"आणि बारगिरानं शिलेदार लिहिलं तर?"

हिंडोळा थांबला. फत्तेसिंहरावांनी कप खाली ठेवला.

"कोण बोललं तुला?"

"कुणी नाही. मी माझंच सांगतेय." ती तिथंच जमिनीवर बसली. "सनद म्हणजे वकिलाचा घोडा, आबा. मला घोडेस्वारी येते. मी दुसऱ्यांना शिकवते, चांगली शिकवते. पण माझ्याकडे घोडा नाही. कधीच नव्हता. आणि आपल्या दारावर लिहिलंय की आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. फोटो, सनदेचा नंबर, हार्दिकचा वकील कोण ते, तो आता येईल ते, नोकरी जाईल ते. एवढ्या वर्षांचं साठलेलं एका दमात. सासरे सुनेकडे बघत नव्हते, उघड्या दाराकडे बघत होते, जिथून लाकडी पाटीची कड दिसते.

"आमचे आजोबा बारगीर होते," ते म्हणाले.

निरुपमाला वाटलं आपण काही चुकीचं ऐकलं.

"सरकारी पागेतला घोडा. सकाळी घ्यायचा, संध्याकाळी जमा करायचा. वडिलांनी पाटी केली तेव्हा आजोबा जिवंत होते." त्यांनी घसा साफ केला. "जुन्या घराला मागं एक दार होतं. पाटी लागल्यावर आजोबा मरेपर्यंत त्या मागच्या दारानंच ये-जा करायचे. मी विचारलं होतं लहानपणी. म्हणाले, पुढच्या दाराला डोकं लागतं."

खाली फाटक वाजलं. निरुपमानं उठून खिडकीतून डोकावून पाहिलं. दूधवाला होता.

"तूही मान खाली घालून चढतेस," फत्तेसिंहराव म्हणाले. "मला वाटायचं, पायऱ्या बघत असशील. स्टूल आण."

"आबा, तुम्ही नका चढू. मी चढते."

"लावली मी. स्टूल आण."

स्क्रू गंजले होते. एक निघाला, दुसरा फिरायलाच तयार नाही. म्हातारा स्टुलावर, सून खाली, आणि तिचा एक कान जिन्याकडे. गाडीचा हॉर्न वाजला की स्टूल हलायचं. पितळी पाटी हातात आली तेव्हा भिंतीवर चार भोकं आणि एक उजळ चौकोन राहिला. मग फत्तेसिंहरावांनी स्टूल डावीकडे सरकवायला सांगितलं, आणि लाकडी पाटीही उतरवली. ती बातमी मात्र बिल्डिंगीत कुणी पसरवली नाही. तिच्यात पोलीस घालता येईना.

हार्दिक आणि धैर्यशील आले तेव्हा स्टूल अजून दारातच होतं.

धैर्यशील पुढं झाला, वाकून निरुपमाच्या पायाला हात लावला, आणि मग वर बघायला कचरला. हार्दिकनं भिंतीकडे पाहिलं, चार भोकं बघितली, आणि हसून मोबाइल काढला. "पाटी तो हती, बेन. जुओ, फोटो छे मारी पासे."

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. पाटी आता नाहीच, कसली पाटी, एवढं म्हणायचं. तिच्या मनात ते येऊन गेलं. पुढं तिनंच यशश्रीला सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं. तिनं दारातलं स्टूल बाजूला सरकवलं.

"होती," ती म्हणाली. "लग्न होऊन आले त्या वर्षीपासून आजपर्यंत होती. तिच्यावर ॲड. लिहिलं होतं, आणि मी वकील नाही. माझ्याकडे सनद नाही."

जिन्यात तीन घरांची दारं किलकिली होती. सगळ्या बिल्डिंगीनं ते ऐकलं.

"मॅडम," धैर्यशील हळू म्हणाला, "मी यांचा वकील आहे. हे माझ्यासमोर नका बोलू."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच तुझ्यासमोर बोलतेय."

"घरच्यांनी लिहिलं होतं का?"

आतून फत्तेसिंहराव काहीतरी बोलायला उठले. निरुपमानं हात मागं करून त्यांना थांबवलं.

"घरच्यांनी लिहिलं तरी नाव माझंच असतं."

धैर्यशीलनं मान खाली घातली. मग त्यानं, वकिलानं विचारावं तसंच, विचारलं. कधी फी घेतली? नाही. कुणाच्या वकीलपत्रावर सही? नाही. कुठल्या कचेरीत कुणाच्या वतीनं उभ्या राहिलात? नाही. मग तो अशिलाकडे वळला.

"हार्दिकभाई, फरियाद करवी होय तो करो. तमारो हक छे. पण पेलुं ताळुं आजे ज काढी नाखो. कोर्टना हुकम वगर ए नहीं टके."

"तमे मारा वकील छो के एमना?"

"तमारो. एटले ज कहुं छुं."

कुलूप त्याच दुपारी निघालं. यशश्रीनं शटर वर केलं आणि आतल्या चणियाचोळ्या एकेक करून झटकल्या. गरब्याला बिल्डिंगीतल्या पोरी नव्या चोळ्या घालून गेल्या. इथं गोष्ट संपली असं म्हणून टाळी द्यायला हरकत नव्हती, पण तशी ती संपली नाही. हार्दिकभाई चेन घालणारा माणूस आहे, सोडणारा नाही. त्यानं खोली रिकामी करून घ्यायला रीतसर दावा लावला, आणि फोटो जोडून कॉलेजला फरियादही पाठवली.

फरियाद पोचायच्या आधी निरुपमा पोचली होती. सोमवारी सकाळी तिनं प्राचार्यांना स्वतः सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, पेन फिरवत राहिले, आणि म्हणाले, "विश्वस्तांपुढं ठेवावं लागेल." दिवाळीनंतर त्यांची बैठक आहे. काय होईल ते कुणाला ठाऊक नाही. धैर्यशील म्हणतो म्हणे की फार तर ताकीद मिळेल. तो वकील आहे, त्याचं म्हणणं खरं असेल. पण निरुपमाबाई अजूनही फाटकाशी गाडी थांबली की पडद्याआड जातात. रात्रीचं जेवण अर्धं टाकतात. वर्गात मात्र त्यांनी या वर्षी पहिल्या तासाची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि शेवटी पोरांना उदाहरण दिलं. कुणाचं, ते त्यांनी लपवलं नाही.

भिंतीवर आता दोन उजळ चौकोन आहेत. नवी पाटी करावी का, यावर फत्तेसिंहरावांचं आणि सुनेचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, एल.एल.एम. तर खरी आहे, ती लिही. तिचं म्हणणं, आधी दिवाळी जाऊ दे. बिल्डिंगीत तिला अजून सगळे वकीलबाईच म्हणतात. तीही प्रत्येकाला थांबवून सांगते, मी वकील नाही. लोक मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणतात. गॅसवाला तर आता सुट्टे पैसे द्यायचाही बंद झाला, तेवढा एक माणूस बिल्डिंगीत समजूतदार निघाला.

त्या दाव्यात यशश्रीच्या बाजूनं सानवी उभी आहे. ही सानवी निरुपमाबाईंचीच विद्यार्थिनी, सनद मिळालेली, काळा कोट अजून कडक. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी ती कागद घ्यायला आली होती, आणि तेव्हाच हार्दिक धैर्यशीलला घेऊन खोलीचं माप काढायला आला. जिन्यात सगळे समोरासमोर. निरुपमाबाईंनी हार्दिकला बघितलं आणि कठडा धरला. हार्दिकनं नेहमीसारखे हात जोडले.

"बेन, आटलुं बधुं भण्यां, ने कोर्टमां बोलाय पण नहीं. तो पछी आ तमारुं एलएलएम शुं कामनुं?"

एवढं शिकून उपयोग काय, या सवालावर निरुपमाबाईंनी एकदा धैर्यशीलकडे बघितलं, एकदा सानवीकडे. आवाज बारीक होता, पण सगळ्या जिन्यात ऐकू गेला.

"हार्दिकभाई, तुमचा वकील माझ्या वर्गातला, आणि यशश्रीची वकील पण माझ्याच वर्गातली. मी स्वतः कोर्टात उभी राहिले असते, तर तुमच्यापैकी एकाच्याच उपयोगी पडले असते."